उबुदच्या डालग्याखाली

मला विलायतेसाठी एसटीत बसवायला आबा आले, तेव्हा त्यांच्या काखेत कोंबडा होता. दादा, तुला आठवत असेल. त्या दिवशी जत्रा होती, आणि धाकटा मुलगा सातासमुद्रापार चालला म्हणून जत्रेतली झुंज चुकवणारे आपले वडील नव्हते. कणकवलीच्या स्टँडवर रणरणत्या उन्हात त्यांनी एका हाताने माझ्या पाठीवर थाप मारली आणि लहानपणापासून आपल्याला सांगत आले तेच पुन्हा सांगितलं, “मार खावन घराक येवचा नाय.” आई पदराने डोळे पुसत होती. मला ते वाक्य तेव्हा आशीर्वादासारखं वाटलं.

कोंबड्यालाही त्यांचा नियम तोच होता. झुंजीतून जो पळाला त्याला ते घरी आणत नसत. तिथेच मान मुरगळून कुणाला तरी देऊन टाकत. संध्याकाळी आपण दोघे पायरीवर बसून बघायचो, आबांच्या काखेत काही आहे की नाही. काख रिकामी असली की आई आपल्याला लवकर जेवायला वाढायची.

नलिनीला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी होती, मी लग्न करून तिच्यामागून आलो. लंडनच्या हाउन्सलोत भिंतीला भिंत लागून असलेलं एक अरुंद टेरेस घर घेतलं आणि मला विमानतळावरच्या कार्गो शेडमध्ये काम लागलं. विमान छपरावरून गेलं की बोलणं अर्ध्यावर थांबवायचं, हे पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडलं. मिलिंद झाला तेव्हा मी आबांना पत्र लिहिलं की सगळं झकास आहे. ते खरंही होतं.

मग तिसरा हिवाळा आला. अर्ली शिफ्ट करून, टाउनमध्ये थोडी खरेदी करून मी बसस्टॉपवर उभा होतो. दुपारचे साडेचार, पण काळोख पडला होता. तीन पोरं आली. त्यांनी मला आपल्या शेजारच्या देशावरून शिवी दिली. नकाशा समजावून सांगायला वेळ मिळाला नाही. पहिला ठोसा कानावर बसला. खाली पडलो तेव्हा बूट सुरू झाले. बरगड्यांत, पाठीत, तोंडावर. मी कोपरं कानांवर दाबून, गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो. दाढ तुटल्याचा आवाज आतून ऐकू आला. स्टॉपवर एक बाई होती. बस आली तशी ती चढली आणि बस निघून गेली.

नलिनीने फ्रीजरमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून माझ्या जबड्याला लावली. पोलिसांत जाऊ म्हणाली, मी नको म्हटलं. तुम्हाला पत्र लिहिलं की बर्फावरून घसरलो. इथे त्या वर्षी धड बर्फ पडलाही नव्हता. मार मी खाल्ला होता आणि आता मला घरी यायची सोय नव्हती, दादा. सात वर्षं मी गावी आलो नाही, त्याचं कारण ना तिकीट होतं, ना रजा. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. मी झाकून ठेवलं होतं, पण ते आत बसून चोच मारत होतं.

त्यानंतर माझ्या गाडीच्या सीटखाली कायम एक लोखंडी सळई असायची. त्या पोरांवर ती कधी चालली नाही, ती पुन्हा दिसलीच नाहीत. माझा राग घरात यायला लागला. कपबशा फुटल्या, एक दार बिजागरीतून निघालं. आणि मिलिंद बारा वर्षांचा असताना शाळेतून नाक फुटून आला. सिंकपाशी उभा राहून रक्त धूत होता. मी त्याला विचारलं, तू किती मारलंस? तो म्हणाला, “आय जस्ट रॅन, बाबा.” मी पट्टा काढला. बाहेरच्यांनी त्याला एकदा मारलं होतं, मी किती वेळा मारलं ते मला सांगता येणार नाही. नलिनी ड्यूटीवरून आली तेव्हा तो जिन्याखाली बसला होता आणि पट्टा अजून माझ्या हातात होता.

ती ओरडली नाही. कोट न काढता म्हणाली, “पुन्हा हात उगारलात तर मी याला घेऊन लेस्टरला ताईकडे जाईन. आय मीन इट. मग तुम्ही आणि तुमचे आबा बसा एकमेकांना शाबासकी देत.”

तिनेच पुढच्या उन्हाळ्यात बालीची ट्रिप ठरवली. मला स्टाफची स्वस्त स्टँडबाय तिकिटं मिळायची, आणि तिच्या वॉर्डातल्या कुणी तरी तिथल्या उबुद गावाचं ब्रोशर दिलं होतं. भाताची शेतं, देवळं, नाच, तेलाचा मसाज. “मन शांत होईल तुमचं,” ती म्हणाली. पहिले चार दिवस झालंही. खाचरातलं पाणी बघून मला आपला मळा आठवला. सकाळी बाया उंबऱ्याशी फुलं आणि भात ठेवायच्या. मिलिंदही जरा माझ्याजवळ बसायला लागला, हातभर अंतर ठेवून.

पाचव्या दिवशी नलिनी मसाजला गेली आणि आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकाने, मादेने, आम्हा दोघांना गावच्या देवळात नेलं. उत्सवाआधी जमिनीवर रक्त सांडावं लागतं, भुतंखेतं शांत होतात, असं त्याने सांगितलं. मांडवात शिरलो आणि वासानेच ओळखलं. माणसं उकिडवी बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर कोंबडा, पायाला लाल दोऱ्याने बांधलेली सुरी. दादा, माझं रक्त उसळलं. पहिली झुंज पापणी लवेपर्यंत संपली. एकाचा गळा उघडा पडला आणि तो दुसऱ्यावर चढूनच मेला. मी आबांसारखा मांडीवर हात आपटून ओरडत होतो.

दुसऱ्या जोडीतले दोघेही लढेनात. एक पळाला, त्याला धरून आणलं, तो पुन्हा पळाला. तेव्हा एकाने डालगं आणलं, आपल्याकडे कोंबड्या झाकतो तसलंच, आणि दोघांना एकाच डालग्याखाली कोंडलं. पळायला जागाच उरली नाही. काही क्षण शांतता, मग आत पिसांचा धुरळा, आणि कामट्यांतून रक्ताचे शिंतोडे आमच्या पायांवर.

मिलिंद उठला. “बाबा, मला नाही बघायचं. त्याला घरी जायचं होतं फक्त.”

“बस खाली,” मी म्हटलं. “बघायला शीक.” मी त्याचं मनगट धरलं. त्याने हिसडा दिला आणि सुटून खाली पडला. माझा दुसरा हात वर गेला, आणि मला हेही आठवलं की नलिनी इथे नाही, तिला कळणार नाही.

मिलिंदने दोन्ही कोपरं कानांवर दाबली आणि गुडघे पोटाशी घेतले.

असं पडायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बसस्टॉपवर मी असाच पडलो होतो. वरून कसा दिसलो असेन, ते मला दहा वर्षांनी दिसलं. हात खाली आला तो माझ्याच मांडीवर. मी त्याच्या शेजारी धुळीत बसलो आणि म्हटलं, “मी पण मार खाऊन घरी आलो होतो.” तो कोपरांच्या फटीतून बघत राहिला. मग मी सगळं सांगितलं. शिवी, बूट, दाढ, बसमध्ये चढलेली बाई. बोलता बोलता मी रडलो. मादेला वाटलं मला रक्त सोसलं नाही, त्याने नारळाचं पाणी आणून दिलं.

नलिनीला मीच सांगितलं. तिने विचारलं, “उगारलात की मारलात?” “उगारला,” मी म्हणालो. ती शब्दाची पक्की. हीथ्रोवर उतरल्यावर ती मिलिंदला घेऊन लेस्टरला गेली, आणि पाच महिने मी एकटा राहिलो. सळई कौन्सिलच्या टिपवर, कचऱ्याच्या डेपोत, टाकून आलो. पट्टा वापरत नाही, विजार सैल राहते. ती दोघं परत आली ती नाताळनंतर, आणि नलिनीने बॅग कपाटावर न ठेवता दारामागे ठेवली. बरेच दिवस ती तिथेच होती.

आबा गेले तेव्हा मी गावी आलो, तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. जमलं नाही. आता लिहितोय, कारण परवा दारावरची बेल वाजली. मिलिंद सोळा वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा उंच, आणि त्याच्याकडे किल्ली असते. तरी त्याने बेल वाजवली. ओठ फाटला होता, शर्टावर रक्त होतं. स्टेशनबाहेर चौघे होते म्हणाला.

“पळत आलो,” तो म्हणाला. “सरळ घरी.”

मी त्याला आत घेतलं, दार लावलं, आणि फ्रीजरमधून मटारची पिशवी काढली.