धाकटीच्या वर्गात हात लावायचा नाही

आमच्या धाकट्या बहिणीसारखं पिलाटेस शिकवणारं माणूस या गावात दुसरं नाही. ज्याला पटत नसेल त्याने माझ्या वेल्डिंगच्या शेडवर यावं. पटवून देतो.

पिलाटेस म्हणजे काय, ते मला विचारा. मी सातवी शिकलोय, पण तिच्यापायी सगळं पाठ आहे. श्वास सोडायचा, पोट आत घ्यायचं आणि सावकाश हलायचं. एक सरकता पलंग असतो, त्याला स्प्रिंगा. त्यावर आडवं होऊन दांड्याला पाय लावून ढकललं की पलंग मागे जातो, स्प्रिंग त्याला परत ओढते. परत येताना त्याला आवरून धरायचं, खरी मेहनत तिथे. विकतचा पलंग परवडेना, म्हणून मी फोटो बघून बनवला. आजवर एक वेल्ड सुटलेला नाही.

धाकटीचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. एकोणीस वर्षांची होती, ट्रकखाली गेला. नातेवाईक दवाखान्यात रडायला आले, तर तिनेच त्यांना दटावून घरी पाठवलं. आधी स्वतःसाठी हा व्यायाम शिकली, मग शिक्षकाची परीक्षा दिली. पहिल्या झटक्यात पास! आता ज्यांना बाकी सगळ्यांनी 'आराम करा' सांगून बसवून ठेवलंय, त्यांना शिकवते. शिकवताना नकली पाय काढून भिंतीला टेकवते, खाली बसताना तो मध्ये येतो म्हणून. नियम एकच. विचारल्याशिवाय कोणी कोणाला हात लावायचा नाही.

"मदत हवी असली तर त्यांना तोंड आहे," म्हणते.

वर्ग एका जिमच्या मागच्या खोलीत भरायचा. जिमवाल्याचे दंड मांडीएवढे आणि काळीज वाटाण्याएवढं. एक दिवस आला आणि म्हणाला, "ताई, बाकीच्या मेंबरांना हे बघवत नाही हो. उद्या कोणी पडलं तर?"

"पडलं तर उठेल. तुमचे मेंबर पडत नाहीत?"

"तसं नाही. एक पूर्ण तास कोणाला न धरता करून दाखवा. एकालाही धरावं लागलं, तर खोली रिकामी करायची."

"चालेल," धाकटी म्हणाली.

त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पलंग माझा होता ना! धाकटी म्हणाली, "दादा, दारात उभा राहा. हात मागे."

"मी काय शाळेत आहे?"

"शाळेत बसला असतास तर सांगावं लागलं नसतं."

सगळे हसले. हसू दे.

शिकणाऱ्यांत पहिल्या एक रिटायर मास्तरीणबाई, डावी बाजू अर्धांगाच्या झटक्याने गेलेली. त्यांनी चटईवर सगळं नीट केलं. जिमवाला हाताची घडी घालून उभा, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मग शिंपी. पाठीला मार लागल्यापासून चाकाच्या खुर्चीवर आहे. खुर्चीतून पलंगावर आपला आपण सरकला. पाय दांड्याला लावले, ढकललं, पलंग मागे गेला. परत येताना त्याचा पाय थरथरायला लागला. अख्खा पलंग खडखडला.

आता माझ्या धंद्यात थरथर म्हणजे नट ढिला. सुटणार आता, असं वाटलं. मी झेप घेतली आणि पलंगासकट त्याचा पाय धरला.

शिंपी आडवा पडूनच म्हणाला, "हात काढ रे. दोन वर्षांत पहिल्यांदा पाय बोलायला लागला होता. तू त्याचंच तोंड दाबलंस."

जिमवाल्याने दात काढले. "बघितलंत? धरावं लागलं."

"अरे, तो पडत नव्हता! चूक माझी आहे!" मी ओरडलो. आयुष्यात हे वाक्य मी दोनदा बोललोय, त्यातलं हे एक.

धाकटी माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं करून म्हणाली, "दादा, बाहेर. आणि तुम्ही, पहिल्यापासून."

दाराच्या काचेतून मी बघितलं. शिंप्याने दहा वेळा केलं. दहाही वेळा थरथरत, आणि कोणी हात लावला नाही. तरी जिमवाला म्हणाला, "एक तारखेपासून खोली डान्सवाल्यांना दिलीय." जिन्याखाली त्यांचा बोर्ड रंगवून तयार होता. लबाड! निमित्त मात्र मीच दिलं, ते मला अजून सलतं.

त्याच दिवशी पलंग खोलून हातगाडीवर घातला आणि शेडवर आणला. लोखंड गाडीवरून आत न्यायला मी सिमेंटचा उतार केलेला आहे, पंधरा वर्षं झाली. शिंप्याची खुर्ची त्यावरून थेट आत. इतकी वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे. अर्धी शेड धुऊन दिली. रोज संध्याकाळी पाच ते सहा वेल्डिंगचं मशीन बंद.

पहिल्याच दिवशी धाकटी म्हणाली, "दादा, बाहेर."

"माझ्याच शेडमधून?"

"हो."

तेव्हापासून मी रोज तासभर रस्त्यावर उभा असतो. कोणी 'अरेरे' करत आत डोकावलं की त्याला तिथूनच परत पाठवतो. परवा जिमवाला स्कूटरवरून चालला होता, वेग कमी करून मान वळवली. "काय बघतोस?" म्हटलं. तेवढ्यात आत पलंग खडखडायला लागला. आवाज ऐकताच माझे हात आपोआप मागे गेले, म्हणून जिमवाला वाचला.