चिकाला दोन माणसं लागतात

“तुमच्या गॅलरीत ऊन किती वाजता येतं?”

विश्रांतवाडीतल्या या इमारतीत मी भाड्याने राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या दारातल्या बाईंनी बेल वाजवून मला हा प्रश्न विचारला. आधी नाव नाही, गाव नाही, लग्न झालंय का तेही नाही. सत्तरीला आलेल्या, काटकुळ्या, अंगावर इस्त्रीची सुती साडी आणि हातात घडी केलेल्या दोन चादरी. मी म्हटलं, “लक्ष नाही दिलं.”

“साडेसातला येतं, अकराला जातं,” त्यांनीच सांगितलं. “माझ्याकडे दुपारी येतं, तेही समोरच्या टॉवरची परवानगी घेऊन. आणि गच्चीला सोसायटीने कुलूप घातलंय. तुम्ही तुमचं ऊन वापरणार नसाल, तर मी वापरीन म्हणते.”

या शहरात तेव्हा माझं स्वतःचं असं काहीच नव्हतं. ऊन आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी दार उघडून बाजूला झाले.

त्या सुलभाताई. सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. मी आधी ‘काकू’ म्हटलं, तर म्हणाल्या, “काका कुठे दिसला तुम्हाला? ताई म्हणा.” त्यांनी लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीबरोबर, अक्कांबरोबर, त्या या घरात राहत. मी यायच्या दोन वर्षं आधी अक्का गेल्या. तेव्हापासून त्या एकट्या.

माझ्या दारावर मी नावाची पाटी लावली होती. आमचं गाव शहराबाहेर, मांजरी गावाच्याही पलीकडे. घरात माझ्या आधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, म्हणून पाटीवर नावापुढे ‘बी.एस्सी.’ असं मुद्दाम घालून घेतलं होतं. कुणाला हसायचं असेल तर हसावं, पाटी अजून आहे. सुलभाताईंनी ती चष्मा वर करून वाचली.

“विषय?”

“रसायनशास्त्र.”

“मग सांगा बघू, लोणच्याला बुरशी का येते?”

मी पाण्याचा अंश, मिठाचं प्रमाण, हवेतले बुरशीचे कण, सगळं सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे कोरडा चमचा वापरायचा,” त्या म्हणाल्या. “एवढ्याला तीन वर्षं लागली?”

मला राग आला. दोन जिने उतरल्यावर हसू आलं.

मग माझ्या गॅलरीत वर्षभर काही ना काही येत राहिलं. थंडीत गोधड्या आणि उशा. संक्रांतीच्या आधी धुतलेले तीळ. मग किसलेला आवळा, मीठ लावून. चैत्रात वर्षाचा गहू, तो वाळला की त्याला एरंडेलाचा हात लावून डब्यात भरायच्या. त्यानंतर साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, हळकुंडं, मिरच्या. मी नोकरीला जायच्या आधी त्या येऊन मांडत आणि माझ्याकडच्या एका किल्लीवर सकाळभर जा-ये करत. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की त्या गॅलरीत पाटावर बसलेल्या दिसायच्या. करायचं काहीच नसायचं. ऊन सरकेल तसं ताट सरकवायचं आणि कबुतरं हाकलायची. कबुतरांनाही त्या अहोजाहो करत. “अहो, सरकता का जरा? तुमच्या तीर्थरूपांनी घातलंय का हे वाळत?”

त्यांच्या तोंडात एक वाक्य सारखं असायचं, “हे एकटीने होतं.” पापड्या एकटीने होतात, आवळा एकटीने होतो, गादीचं कापड उसवून धुऊन पुन्हा शिवणं हेही, वेळ लागला तरी, एकटीने होतं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारलं, “कुरडया कधी केल्यात?”

मी केल्या नव्हत्या, पण पाहिल्या होत्या. माझी आई उन्हाळाभर दुसऱ्यांच्या घरी पापड-कुरडया करायला जायची. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून त्याचा पांढरा चीक काढायचा. रात्रभर तो खाली बसू द्यायचा आणि सकाळी उकळत्या पाण्यात ओतून शिजवायचा. ओततानाच जोरात घाटावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. म्हणून एक माणूस ओतायला आणि एक घाटायला. आईचा हात घाटून घाटून संध्याकाळी वर उचलत नसे. शिकले तर हे सुटेल, असं ती मला म्हणायची, आणि मी शिकले.

“तुम्ही आलात तर यंदा करू म्हणते,” सुलभाताई म्हणाल्या. “अक्का ओतायची, मी घाटायची. चिकाला दोन माणसं लागतात.”

मी म्हटलं, “मी तसली कामं करत नाही, ताई. माझी आई लोकांच्या घरी तीच करायची.”

माझा आवाज चढला होता.

“मी कामाला नाही बोलावलं,” त्या म्हणाल्या. “सोबतीला बोलावलं.”

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. जे एकटीने होत होतं तेवढं करत राहिल्या.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. गावी कळवलं असतं तर आई शेतातलं काम टाकून आली असती, म्हणून कळवलं नाही. नऊ दिवस सुलभाताई सकाळ-संध्याकाळ मऊ भात आणि त्यावर घरचं मेतकूट घेऊन येत. कपाळाला हात लावून बघणं, कुरवाळणं, यातलं काही नाही. खुर्ची ओढून बसायच्या आणि “खा. बी.एस्सी. झालीस म्हणून प्लेटलेट आपोआप वाढणार नाहीत,” असं म्हणायच्या. त्या नऊ दिवसांत कधीतरी त्या मला ‘तू’ म्हणायला लागल्या.

पुढच्या चैत्रात मीच म्हटलं, “ताई, यंदा कुरडया करू. मी येते.”

“नक्की?”

“नक्की. रविवारी.”

बुधवारी त्यांनी गहू भिजत घातले. रोज मी घरी आले की त्यांच्या दारातून आंबूस वास यायचा, आणि त्या आतूनच सांगायच्या, “आजचं पाणी बदललं हो.” शनिवारी चीक काढला. माळ्यावरून सोऱ्या काढून घासून ठेवला, अक्कांचं लाकडी घाटणं तेल लावून ठेवलं. इतक्या बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ऑफिसातल्या मुलींचा फोन आला. उद्या सकाळी खडकवासल्याला जातोय, येतेस का? मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरी करते. चार वर्षं या मुली डबा खायला एकत्र बसत, सुट्टीच्या दिवशी कुठेकुठे जात, सोमवारी माझ्यासमोर त्याच्या गप्पा मारत. मला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. माझ्या बोलण्यात कधी ‘आहे’च्या जागी ‘हाय’ निसटलं की त्या एकमेकींकडे बघत. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून विचारलं, हे मला नंतर कळलं.

मी सुलभाताईंना मेसेज केला, “ताई, अचानक ऑफिसचं काम आलं. सोमवारी पहाटे करू या का?” चीक एक दिवस थांबत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला ते आईमुळेही माहीत होतं आणि पदवीमुळेही.

उत्तर आलं, “बरं.”

रविवारी संध्याकाळी मी परतले तेव्हा त्यांचं दार उघडं होतं. ओट्यावर मोठं पातेलं होतं. त्यात पांढऱ्या, अर्धवट कच्च्या गुठळ्या आणि तळाला लागलेला थर. ताईंच्या उजव्या मनगटाला ओला रुमाल गुंडाळलेला होता. एका हाताने ओतत, दुसऱ्याने घाटत त्यांनी एकटीने करून पाहिलं होतं.

“ताई, हे काय! सोमवारी करणार होतो ना?”

“आंबला असता. हे गाईला घालीन.” त्या पातेल्यात पाणी ओतत होत्या. “तुमचं काम झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

“हो. स्टेटस बघितलं मी. धरणात पाणी बरंच आहे की अजून.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, त्यांनी “असू दे” म्हटलं आणि पातेलं घासायला घेतलं. मी घासते म्हटलं, तर म्हणाल्या, “नको. हे एकटीने होतं.”

त्या उन्हाळ्यात माझ्या गॅलरीत काही वाळत पडलं नाही. जिन्यात भेटल्या की “बरं आहे ना तुमचं?” विचारायच्या. मी किल्ली पुढे केली, तर “दुपारचं ऊन पुरतं मला,” म्हणाल्या. मुलींनीही मला पुन्हा कुठे बोलावलं नाही. वर्षभर मी सकाळी साडेसातला रिकाम्या गॅलरीत चहा घेत बसायचे, आणि समोर ताईंच्या घरात कपबशी वाजली तरी मला ऐकू यायचं.

पुढच्या चैत्रात मी आईला फोन करून गव्हाचं माप विचारलं. ती म्हणाली, “कुणाच्या घरच्या हायेत?”

“माझ्याच घरच्या, आई.”

तिने माप सांगितलं. मग म्हणाली, “मीठ पाण्यात टाक, चिकात नको.”

मी गहू भिजवले. तीन दिवस पाणी बदललं, वाटले, पिळले. रविवारी सकाळी सातला सुलभाताईंची बेल वाजवली.

“ताई, चीक तयार आहे. पाणी उकळतंय. मला माणूस पाहिजे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. “आधी सांगायचं नाही का? माझी अंघोळ व्हायची आहे.”

“आंबेल,” मी म्हटलं.

त्या चप्पल न घालताच समोर आल्या. स्वयंपाकघरात उभं राहून पातेल्यात डोकावल्या, चिकात बोट बुडवून पाहिलं, “पातळ आहे,” म्हणाल्या. “तुम्ही घाटा. मी ओतते. माझं मनगट आता घाटायचं राहिलं नाही.” त्यांनी ओतायला सुरुवात केली. चीक पाण्यात पडला आणि बघता बघता जड झाला. घाटणं माझ्या हातात अडकायला लागलं.

“अगं थांबू नकोस! तळापासून घे. लागेल खाली, हलव, हलव! बी.एस्सी.त वीतभर नळ्याच ढवळल्यास का नुसत्या?”

मला त्यातलं ‘अगं’ ऐकू आलं. मी घाटत राहिले. माझा दंड भरून आला. आईचा दंड असाच भरून येत असणार.

कुरडया वाकड्या झाल्या. काहींच्या तारा मध्येच तुटल्या. पाटावर बसून त्यांनी वाटीभर गरम चीक तूप घालून खाल्ला आणि उरलेली सगळी सकाळ कबुतरांना “अहो, पुढच्या गॅलरीत बघा,” असं सांगत राहिल्या. जाताना म्हणाल्या, “पुढच्या वर्षी गहू जरा जाड घे.” डबा आम्ही निम्मा निम्मा केला.

श्रावणात त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकचा भाचा, अक्कांचा मुलगा, येऊन त्यांना घेऊन गेला. मी दोनदा फोन केला, त्या फार बोलल्या नाहीत, फोनवर त्यांना जमायचं नाही. दिवाळीनंतर भाच्याचा मेसेज आला की मावशी गेली.

महिन्याभराने तो फ्लॅट रिकामा करायला आला. पन्नाशीचा, भला, दमलेला माणूस. बरण्या-डबे काढून जमिनीवर मांडले होते. मला म्हणाला, “बघा ना, एकटं माणूस आणि हे एवढं! कोण खाणार होतं?” मग एका डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. “या मोडक्या कुरडया आहेत. टाकू का?”

“टाकू नका,” मी म्हटलं. “तळून आणते. बसा.”

मी माझ्या घरी तेल तापवलं, कुरडया तळून ताट घेऊन गेले. रिकाम्या होत आलेल्या खोलीत आम्ही दोन खोक्यांवर बसलो. तो एक खाऊन म्हणाला, “मावशी आमच्याकडे होती ना, तेव्हा जो येईल त्याला सांगायची. डॉक्टरला, कामवालीला, माझ्या सासूला. म्हणायची, शेजारची मुलगी सकाळी सातला मला बोलवायला आली होती, अंघोळसुद्धा करू दिली नाही. दहादा ऐकलं आम्ही.” तो हसला. “एवढं काय विशेष होतं हो त्यात?”

मला सांगता आलं असतं. मी ताट त्याच्यापुढे सरकवलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “आणखी एक घ्या.”