बाहेरचं ऐकू येणारा हेडफोन

मंडळी, हेडफोन घेताना तुम्ही काय बघता? आज मी रामनगरला जाऊन एक घेतला. बजेट हजाराच्या आतलं, म्हणून दुकानदारानं दोनच पुढ्यात ठेवले.

पहिला कानाला लावला आणि रस्त्यावरचे ट्रक, हॉर्न सगळं गप्प. गाणं एकदम स्वच्छ.

"अक्का, ह्या किमतीत असला गावायचा न्हाई. बाहेरचं कायबी ऐकू येत न्हाई बघा!"

मी काढून परत दिला. म्हटलं, "मला बाहेरचं ऐकू येणारा द्या."

त्याला वाटलं, थट्टा करतेय. पण आमच्या गुंद गावाकडं घरं लांब लांब. येणारा माणूस शेताच्या कडेला थांबून हाक मारतो, "हाय का कोन घरात?" आतून ओ आली न्हाई, तर तिथूनच माघारी जातो.

म्हणून दुसरा घेतला. आवाज जरा पातळ, पण कानावर नुसता टेकतो.

नवरा गोव्याला कामाला गेल्यापासून घरात मी एकटीच. दुपारपासून गाणी ऐकत बसलेय. हाक काही आली न्हाई.

हेडफोनचा दोष न्हाई. मी काढूनबी बघितला.