मैतनाईचा गठ्ठा

तात्यांनी पहिल्याच भेटीत मला दारात अडवलं ते माझ्या केसांतल्या गजऱ्यावरून. साताऱ्याबाहेरच्या त्या वनस्पती उद्यानाच्या ग्रंथालयात मी सांगलीहून तीन तास एसटीत हेलकावे खात आले होते. हातात विद्यापीठाचं पत्र होतं, पत्रावर दोन शिक्के होते. तात्यांनी पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोक्याकडे बघत ते म्हणाले, "आवं बाई, फूल भायेर."

ओल्या फुलातून किडा आत येतो आणि कागदावर चिकटवलेली जुनी, वाळलेली रोपं खाऊन टाकतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ते सांगत होते ते अगदी बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. येणाऱ्या बायकांच्या गजऱ्यांसाठी त्यांनी दाराच्या चौकटीला एक खिळा ठोकून ठेवला होता. माझी अबोली तिथं लटकली. संध्याकाळी वैतागून मी तशीच पायऱ्या उतरायला लागले, तेव्हा मागून हाक आली, "आवं बाई, तुमचं फूल." पुढं मी कितीदा तरी तिथं गेले, पण ती हाक कधी चुकली नाही.

तात्या मूळचे फलटणकडचे. उद्यानात ते झाडांच्या पत्र्याच्या पाट्या रंगवायला लागले होते. अक्षर असं की पाटी वाचण्याआधी माणूस बघतच राही. आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर साहेबांनी ग्रंथालयाची आणि जुन्या दप्तराची किल्ली तात्पुरती तात्यांच्या हातात दिली. तात्पुरती म्हणून दिलेली ती किल्ली तात्यांच्या कमरेला वीस वर्षं राहिली.

त्या वर्षांत त्यांनी एक पराक्रम केला होता. जुन्या सूचीला वाळवी लागली, म्हणून सगळी वाळलेली रोपं त्यांनी आपल्या पद्धतीनं नव्यानं रचली. शास्त्रीय नावानं नव्हे, तर रोपाखालच्या चिठ्ठीवर गावातलं जे नाव लिहिलेलं असेल त्या नावानं. पांढऱ्या मांजरपाटात बांधलेले गठ्ठे, त्यांवर काळ्या शाईत तात्यांचं अक्षर. मी शास्त्रीय नाव सांगितलं की ते मान हलवायचे. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे लांबलचक लॅटिन नाव मला तीनतीनदा ओरडून सांगावं लागे. ते सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "हितं लॅटिनात काय उगवत न्हाई, बाई. गावचं नाव सांगा."

माझी पीएचडी एका रोपावर अडली होती. पठारावर उगवणारं, बोटभर उंचीचं, पांढऱ्या फुलाचं रोप. फार पूर्वी कुणा परप्रांतातल्या अधिकाऱ्यानं ते एकदाच गोळा केलं होतं, आणि त्याचा नमुना इथंच असल्याचं त्याच्या डायरीत लिहिलं होतं. तो नमुना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझं चौथं प्रकरण उभं राहत नव्हतं, आणि प्रबंध द्यायची विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ महिनाअखेर संपणार होती. त्याचं गावातलं नाव मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

"तात्या, मी सगळे गठ्ठे एकेक करून बघते ना," मी म्हणायची.

"एका येळी एक गठ्ठा. आन त्यो बी नावानं मागायचा. उगं उलथापालथ केली की पानं गळत्यात."

मग मी अंदाजानं नावं सांगायची, तात्या हात धुऊन, पुसून, तो गठ्ठा आणायचे, आणि त्यात भलतंच काही निघायचं. टिपणं शिसपेन्सिलीनंच घ्यायची, शाईचं पेन दारात काढून ठेवायचं. पेन्सिलीला टोकही तेच काढून देत, कारण माझं टोक त्यांना पसंत नव्हतं. एकदा पिशवीत मेथीची जुडी होती, तीही बाहेर ठेवायला लावली, आणि बागेत शिरलेल्या शेळीनं ती फस्त केली. मी तक्रार केली तर म्हणाले, "शेळीनं मेथीच खाल्ली न्हवं? किडा आत शिरला असता तर त्यानं शंभर वरसाचं खाल्लं असतं." घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, या माणसापायी मी शिक्षण सोडणार आहे.

मुदत संपायला चार दिवस उरले होते. त्या दिवशी मी अंदाजानं मागितलेले दोन गठ्ठे फुकट गेले. तात्या शांतपणे गाठी बांधत होते. बांधून झाल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "पर गावचं नाव काय त्येचं?"

माझं आजोळ पलूसचं. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून तिथली बोली मी जिभेवरून पुसून टाकली होती. त्या दिवशी मात्र सगळा तोल गेला आणि तोंडातून आजीचेच शब्द बाहेर आले. "म्हाईत न्हाई, तात्या. म्हाईत न्हाई."

तात्यांनी डावा कान पुढं केला. मग चेहरा एकदम मोकळा झाला. "आसं व्हय? मग आदीच सांगायचं की, बाई," असं म्हणत ते आत गेले आणि एक गठ्ठा घेऊन आले. त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'मैतनाई'.

तो गठ्ठा मी त्या कपाटात कित्येकदा पाहिला होता. आत चौदा रोपं होती, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रत्येकाखाली त्या अधिकाऱ्याच्या हातची इंग्रजी चिठ्ठी, आणि गावातल्या नावाच्या जागी तोच एक शब्द. नववं रोप माझं होतं. मी आधी हसले आणि मग तिथंच बाकावर बसून रडले. तात्या घाबरले. म्हणाले, "कागदावर पानी पडू द्यू नगा."

तो अधिकारी पठारावरच्या धनगरांना रोपाचं नाव विचारी, ते म्हणत म्हाईत न्हाई, आणि हा भला माणूस ते नाव समजून लिहून घेई. हे मी तात्यांना समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. बागेतल्या एका कुंडीवर त्यांनी याच नावाची पाटी रंगवली होती. चुकीची पाटी आपल्या हातून झाली हे त्यांना फार लागलं. मला वाटलं, कशाला बोलले मी?

"बदलू या का?" मी विचारलं.

त्यांनी गठ्ठ्याची गाठ पुन्हा नीट बांधली. मग म्हणाले, "नगं. ठावं नसताना लोक काय बी नाव ठोकून देत्यात. त्या धनगरांनी खरं त्ये सांगितलं. ऱ्हाऊ द्या."

प्रबंध वेळेत गेला. पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन मी साताऱ्याला गेले, तर तात्यांनी पेढा दाराबाहेर उभं राहून खाल्ला, हात धुतले आणि विचारलं, "मग त्येचं गावचं नाव काय निघालं?" मी म्हटलं, अजून नाही कळलं. "मग हुडका की. आता डॉक्टर झाला न्हवं?" इतकी वर्षं राबून आलेल्या माणसाला असं कुणी बोलतं का? परतीच्या वाटेवर मी सगळा वेळ धुमसत होते.

पण तेव्हापासून मी पठारावर गेले की भेटेल त्याला विचारत राहिले. गेल्या वर्षी एका मेंढरं राखणाऱ्या म्हातारीनं ते रोप बोटानं दाखवून सहज सांगितलं, "ही व्हय? ही माळटिकली." तिचं नाव, गाव, सगळं मी शिसपेन्सिलीनं लिहून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याची गाडी पकडली.

तात्यांच्या जागी एक बाई संगणकावर बसल्या होत्या. तात्या श्रावणात गेले, म्हणाल्या. मला कुणी कळवलं नव्हतं, कळवणार तरी कोण. मी दारात उभी राहून गजरा काढला, खिळ्याला अडकवला, आत जाऊन नळाखाली हात धुतले. काम सांगितल्यावर त्या बाईंनी संगणकावर त्या रोपाची नोंद उघडली.

"स्थानिक नाव सांगा, मॅडम, टाकते."

मी सांगितलं. त्यांनी टाकलं. कुणी सांगितलं, कुठल्या गावात, माझे हात कोरडे आहेत का, काही विचारलं नाही.

"सांगणारीचं गाव लिहा ना," मी म्हटलं.

"तो रकाना नाहीये, मॅडम."

एका मिनिटात काम झालं. मला आयुष्यात तिथं कधी आला नव्हता इतका राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. सांगलीची गाडी कऱ्हाडच्या पुढं आल्यावर माझा हात केसांकडे गेला. गजरा खिळ्यावरच राहिला होता.