पाळण्याची निघालेली कडी

नवरात्रातल्या जत्रेत त्या दिवशी आमचा झेंडू दुपारीच संपला. रिकामे क्रेट टेम्पोत टाकून सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"मला त्या पाळण्यात बसायचंय. लय वर्षांचं मनात हाय."

अकरावी-बारावीला मी भौतिकशास्त्र शिकवते, वर्तुळाकार गती फळ्यावर सहज काढते, पण आकाशपाळण्यात कधी बसले नव्हते. त्यांना एकटं कसं पाठवणार?

पाळणेवाल्याने आमच्यासमोर आडवी दांडी टाकली, कडी लावली. सुरुवातीला बरं होतं. सासूबाई वरून आमचा मळा कुठे दिसतो ते शोधत होत्या. मग वेग वाढला. आमचा डबा माथ्यावर पोचला आणि दांडी माझ्या हातासकट पुढे सरकली. कडी निघाली होती.

"आई, दांडी सोडा. मला धरा."

"का गं?" त्यांनी विचारलं, आणि लोंबणारी कडी त्यांना दिसली. "अगं बाई! उतरव मला!"

मी खाली ओरडले. भोंग्यावरच्या गाण्यात माझा आवाज कुणाला ऐकू जाणार?

माथ्यावर शरीर हलकं होतं, बैठक सोडू पाहतं. तळाशी तेच जड होऊन बैठकीवर दाबलं जातं. वर्गात हे मी दोन बाण काढून संपवते. इथे तो बाण सासूबाईंना माझ्या हातातून उचलून नेत होता.

"वर गेलं की हलकं वाटेल. तेव्हा पाय समोरच्या पत्र्याला रेटा, मला आवळून धरा. खाली जड वाटलं की श्वास घ्या."

"बरं." त्यांचे दात वाजत होते.

प्रत्येक फेरीला मी सांगत राहिले. आलं, धरा. आता श्वास घ्या. माझा आवाज मलाच परका वाटत होता. अखेर तळाशी येताना मी ओढणी ओढून खाली भिरकावली. ती मशीनजवळ पडली. पाळणेवाल्याने वर पाहिलं. "कडी! कडी!" मी किंचाळले. तो धावला.

वेग उतरला, पण आम्ही नेमके माथ्यावर थांबलो. डबा पुढे-मागे हेलकावत होता. फिरण्यापेक्षा ते वाईट होतं.

"मी पडले असते तर लोकांनी तुलाच बोल लावला असता," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"गप्प बसा हो आई!" इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते.

खाली उतरवल्यावर त्या धुळीतच बसल्या. पाळणेवाल्याने पाणी आणलं, हात जोडले.

"घरी सांगू नको," त्या टेम्पोत पुटपुटल्या. "उद्या जत्रेला येऊ देणार नाय."

मी मान हलवली. गतिरोधकावर टेम्पो जरा उचलला गेला की आम्ही दोघी एकदम एकमेकींना धरत होतो, आणि टेम्पोवाला आरशातून आमच्याकडे बघत होता.