क्रेनकाकांची रॉक स्टेप

क्रेनकाकांना कुणीतरी हात दाखवल्याशिवाय पाऊल उचलताच येत नसे. लिफ्टचं दार उघडं असो, बुफेच्या रांगेत पुढची जागा रिकामी होऊन मागचे लोक खेकसायला लागलेले असोत, गडी आपला उभा! कुणी "या काका, या" म्हणून हात हलवला की मग असे अलगद निघायचे, की ताटातली कढीसुद्धा हलायची नाही. अख्खी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये गेलेली. खालच्या माणसानं हात दाखवायचा आणि मग वर बसलेल्यानं हुक हलवायचा, हाच तिथला कायदा. "खालचा हात दिसला न्हाई तर बटणाला बोट लावायचं नसतंय, ताई," ते मला सांगायचे. "खाली माणसं असतात."

आणि अशा माणसाला आमच्या डान्स टीचरनं सांगितलं, "काका, तुम्ही लीड करा."

संत तुकाराम नगरात एका जिमच्या वर हॉल आहे, तिथे रविवारी सकाळी आमचा स्विंगचा क्लास असायचा. स्विंग म्हणजे जोडीनं करायचा परदेशी नाच. रॉक स्टेप म्हणजे एक पाऊल मागे टाकून परत जागेवर यायचं, मग बाजूला छोटी छोटी पावलं टाकायची. जोडीतल्या एकानं हातानंच सुचवायचं, म्हणजे लीड करायचं, आणि दुसऱ्यानं ओळखून हलायचं. मैत्रिणीनं माझं नाव घातलं आणि पहिल्याच रविवारी स्वतः टांग दिली. मारुंजीहून झोप मोडून आलेली मी, आधीच तापलेली, जोडीदाराविना उभी. उरलेले दुसरे म्हणजे क्रेनकाका. इस्त्रीचा शर्ट, आणि पायात चक्क कंपनीचे सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपण असलेले! त्यांच्याखाली माझी करंगळी एकदा आली आणि मला माझे सगळे पूर्वज आठवले.

गाणं सुरू झालं. सगळ्या जोड्या हलल्या. आम्ही दोघं हात धरून देवळातल्या खांबांसारखे उभे.

"काका, हला की!"

"इशारा?"

"अहो, इशारा तुम्हीच द्यायचाय!"

"मी कसा देऊ? मी हलवणारा माणूस. हात दुसऱ्यानं दाखवायचा असतोय."

टीचर बिचारी हसून हसून बेजार. शेवटी म्हणाली, "मग ताई, तुम्हीच करा लीड." आता हे काम माझ्या आवडीचं. ऑफिसात टीम चालवते, घरी आईवर डाफरते, तिसरं काही मला येत नाही. मी काकांना मागं ढकललं, पुढं ओढलं, फिरवलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, झटका देऊ नका. झटक्यानं माल डुलतोय, अन् मग कुणाचं तरी डोस्कं फुटतंय." मी चिडले. काहीही म्हणजे काय! पण पुढच्या खेपेला हात जरा हलका धरला, आणि आमची पहिली रॉक स्टेप साधली. आम्ही दोघंही असे ओरडलो, की खालून जिमवाला वर बघायला आला.

क्लासनंतर आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचो. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, खरं सांगा, तुम्हाला हे कुठून सुचलं?"

"रिटायर झालो अन् घरात गर्दी झाली, ताई."

"मुलं परत आली?"

"कुठलं! आमी दोघंच. पण लई गर्दी."

सगळा संसार शिफ्टमध्ये झालेला. हे झोपलेले असताना काकू जाग्या, काकू निजल्यावर हे बसमध्ये. आता दिवसभर दोघं एका घरात. ती चहा घेऊन वळली की हे मागं. हे पाणी प्यायला गेले की ती पुढं. एकदा दूध सांडलं. एकदा कढत फोडणी काकूंच्या हातावर पडली, आणि काकू चार दिवस म्हणून नाशिकला लेकीकडे गेल्या त्या तिकडंच रमल्या. जिमपाशी गुडघ्यांच्या व्यायामाची चौकशी करायला आलेल्या काकांना वरच्या हॉलमध्ये एक जोडी नाचताना दिसली. "एक मागं, एक पुढं. कुणी कुणाच्या अंगावर जाईना," ते म्हणाले. "म्हणलं, आपल्या स्वयंपाकघरात हे जमलं तर ती माघारी यील."

मला हसू येत होतं, पण मी नुसता आणखी एक चहा सांगितला. दर रविवारी ते टपरीवरून फोन लावायचे. "कधी येतीस?" पलीकडून "बघू" यायचं. मग काका ग्लास हातात धरून बसायचे आणि चहा गार व्हायचा. घरी फ्रीजचं हँडल धरून सराव करत होते, हे त्यांनीच मला सांगितलं. फ्रीज भांडत नाही, एवढीच काय ती सोय.

मग एका रविवारी हॉलच्या दारात हातात पिशवी घेतलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. शेजाऱ्यांनी नाशिकला खबर पोचवली होती, की तुमचे मालक एका पोरीबरोबर नाचतात. "काय करायलाव तुम्ही इथं?" असा आवाज आला आणि काकांनी माझे हात असे सोडले जसा तवा सोडावा. मी पोरगी कसली, चांगली घोडी झालेय, पण ते सांगायची वेळ नव्हती. मी पुढं होऊन काकूंचा हात धरला, तो काकांच्या हातात दिला आणि म्हटलं, "तुमच्यासाठीच शिकतायत ते. आता तुम्हीच सांभाळा."

दोघं समोरासमोर उभी. काकू अवघडलेल्या, मनगटाजवळ भाजल्याचा डाग. काकांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दाखवावा हात. जीव तुटत होता. पण मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि भिंतीकडे बघत राहिले.

काका खाकरले. "अगं, एक पाऊल मागं घे. मी धरलंय."

"पडले म्हंजे?"

"पडू देत न्हाई. आजपर्यंत कधी माल पाडला न्हाई."

"मी माल हाय व्हय?"

सगळा हॉल हसला, काकूही हसल्या, आणि हसता हसता त्यांचं पाऊल मागं गेलं. काकांनी हळूच परत जागेवर आणलं.

झालं, माझा जोडीदार गेला! खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. काही रविवार दोघं जोडीनं आली, मग त्यांनी क्लास सोडला. सोडताना मला घरी जेवायला बोलावलं. काकू भाकरी थापत होत्या, काका पापड भाजत होते. स्वयंपाकघर एवढंसं. काकू वळल्या की काका बाजूला, काका वाकले की काकूंचा हात वरून डब्याकडे. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. मी उगाच ताटं घ्यायला मधे घुसले, तर काकूंचा धक्का काकांना, काकांचा मला, आणि पापड जमिनीवर.

"ताई," काकू म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा बघू. आमचं आमाला जमतंय."

आयुष्यात मला कुणी हाकललं की मी भांडते. त्या दिवशी मुकाट्यानं बाहेर जाऊन बसले. हाकलल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झालेला नाही.