डॉक्टर गुळव्यांचा हातगुण

माझ्या मावससासूबाईंनी सिनेमातला किंवा मालिकेतला एकही मृत्यू आजवर मान्य केलेला नाही. पडद्यावर कोणी खोकलं, छातीला हात लावला, किंवा उशी सारखी करून देणाऱ्या बायकोकडे जरा जास्तच प्रेमानं पाहिलं, की त्या गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला जातात. लिहिणाऱ्याला सुचण्याआधीच त्यांना ते कळत असावं, अशी माझी समजूत आहे. चहाला उकळी येईपर्यंत तिकडे व्हायचं ते होऊन जातं, रडारड संपून साबणाची जाहिरात लागते, आणि मावशी कपबश्या घेऊन बाहेर येतात.

मावशी कुरवंडे गावच्या. माझ्या बायकोच्या सख्ख्या मावशी. त्यांचा मुलगा संध्याकाळी लोणावळ्यात दूध घालायला येतो. येताना आईला आमच्या दारात उतरवायचं आणि रतीब संपवून परत घेऊन जायचं, हा गेल्या कित्येक वर्षांचा रिवाज. घरी टीव्ही नाही असं नव्हे. पण सून मधे मधे बोलते, अशी मावशींची तक्रार, आणि मावशी मधे मधे बोलतात, अशी सुनेची. दोघींचंही खरं असावं. आमच्याकडे बोलायला बंदी नव्हती, कारण माझी बायको स्वतःच गप्प बसत नसे. मी शेजारच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसायचो आणि पान उलटायला विसरायचो.

नायिकांबद्दल मावशींना काडीचा आदर नाही. नायिका सकाळी देवापुढे रडते, दुपारी जिन्यात रडते आणि संध्याकाळी कुणाचा तरी फोन लागत नाही म्हणून रडते. खलनायिका मात्र पहाटेच सगळे दागिने घालून कामाला लागलेली. कुणाच्या दुधात काय मिसळायचं, कुठली किल्ली कुठे दडवायची, सगळं तिच्या डोक्यात. ‘घर तीच चालवती,’ मावशी सांगत. ‘सून करायची तर अशी करावी. ही रडकी लावणीच्या चिखलात काय कामाची?’ सिनेमा बरा की वाईट, हे त्या जेवणावरून ठरवत. भरल्या ताटावरून माणसं उठू लागली की तो सिनेमा त्यांच्या लेखी पडला. एका गाजलेल्या सिनेमाचा नायक पहिल्याच घासाला बापाशी भांडून घराबाहेर पडला. त्यानं पुढे प्रेम केलं, दहा जणांना लोळवलं, शेवटी बापाच्या गळ्यातही पडला, पण मावशींचं लक्ष कशातच लागेना. ‘उपाशी हाय त्यो,’ एवढंच त्या म्हणत राहिल्या. दुसऱ्या एका सिनेमात नायिका हिमालयाच्या धुक्यात वाट चुकून हाका मारत होती. तो हिमालय कुरवंड्याजवळच्या आमच्या नागफणी कड्याच्या पायथ्याशी होता. मावशींनी तिला धीर दिला, ‘वाईच खाली उतर की बये, आमचा गोठा दिसंल.’

एकदा तर एक मालिकाच कुरवंड्यात आली. घरातले आजोबा वारतात असा प्रसंग होता आणि भोवती बसून रडायला गावातल्या बायका हव्या होत्या. मावशींचा चेहरा पाहताक्षणीच त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. कॅमेरा सुरू झाला, बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि मावशींनी पुढे वाकून पांढरी चादर बाजूला करत त्या नटाला विचारलं, ‘आबा, च्या घेतला का तुमी?’ आबा दचकून उठून बसले. मावशींना मागच्या रांगेत नेलं, मग अंगणाबाहेर नेलं, आणि शेवटी त्यांना तिथल्या चुलीवर साऱ्या मंडळींचा चहा करायला सांगितलं. त्यांना हेच हवं होतं.

चहाच्या कपबश्या टेकवल्या की मावशी विचारत, ‘काय झालं त्याचं?’ पहिल्यांदा हा प्रश्न मला आला तेव्हा मी, सवयीनं, खरं ते सांगितलं. मावशींनी कप तसाच ठेवला आणि पुढचा आठवडाभर त्या आल्या नाहीत. तेव्हापासून हे खातं बायकोनं आपल्याकडे घेतलं. पुढच्या वेळी मावशींनी विचारलं तेव्हा ती लाडवांसाठी गूळ चिरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘पुण्याला नेलंय त्यांना.’ मावशींनी विचारलं, ‘कुणाकडं?’ बायकोनं समोरच्या गुळाकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘डॉक्टर गुळव्यांकडे.’

असे डॉक्टर गुळवे आमच्या घरात आले आणि त्यांनी कुणालाच मरू दिलं नाही. एका वाहिनीवरचे सरपंच, दुसरीवरची विषबाधा झालेली थोरली सून, दरीत कोसळलेली जुळी बहीण, सगळी माणसं त्यांच्याकडे खाटा धरून होती. एका ऐतिहासिक मालिकेतले घायाळ सरदारसुद्धा तिकडेच गेले आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे आता वरण-भात खाऊ लागले होते. मावशींचा डॉक्टरांवर इतका विश्वास बसला की एक दिवस त्या इरकल नेसून, पिशवीत गावचा तांदूळ घेऊन सकाळीच दारात उभ्या राहिल्या. गुडघा दाखवायला गुळव्यांकडे जायचं होतं, आणि तांदूळ डॉक्टरांना. मी पुस्तकात तोंड लपवलं. बायको मात्र शांतपणे म्हणाली, ‘मावशी, ते फक्त जिवावरच्या दुखण्यांचे डॉक्टर आहेत. गुडघ्याला हात लावत नाहीत.’ मावशींना हे पटलं. तांदूळ आम्ही खाल्ला.

मागच्या वर्षी बायको आजारी पडली. पुण्याला न्यायचं ठरलं, गाडी दारात आली, तेव्हा मावशी गाडीच्या खिडकीशी आल्या. ‘गुळव्यांकडंच नेत्यात न्हवं?’ त्यांनी विचारलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, ‘हो मावशी, त्यांच्याकडेच.’

तिला घरी आणलं त्या दिवशी खोली बायकांनी भरून गेली होती. मला उगीचच वाटत राहिलं की आता मावशी गुडघ्यावर हात टेकून उठतील आणि आत जातील. मी त्यांच्याकडेच पाहत होतो. त्या उठल्या नाहीत. तिच्या उशाशी शेवटपर्यंत बसून राहिल्या. चहा शेजारच्यांनी आणला, तोही कुणी घेतला नाही.

सुतक फिटलं तरी टीव्हीवर टाकलेली चादर तशीच राहिली. मावशी रोज येतच होत्या. मुलगा उतरवून जाई, त्या आपल्या जागेवर चादरीकडे तोंड करून बसत, मी पुस्तकाकडे. एवढी शांतता या घराला सोसत नाही हे मला कळत होतं. चादर काढायला मात्र हात धजत नव्हता. या आषाढात एका संध्याकाळी मावशी आपण होऊन म्हणाल्या, ‘जावईबापू, ती थोरली सून घरी आली आसंल का वो?’

मी उठून चादर काढली. थोरली सून कुठेच दिसेना. मालिका बरीच पुढे गेली होती. पण सासरेबुवा पलंगावर होते, आणि काही वेळातच त्यांनी छातीला हात लावला. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आत भांड्याचा आवाज झाला, आल्याचा वास आला. सासरेबुवा रीतसर गेले. साबणाची जाहिरात लागली. मावशी दोन कप घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

‘काय झालं त्याचं?’

‘पुण्याला नेलंय,’ मी म्हणालो.

‘कुणाकडं?’

ते नाव माझ्या तोंडून निघेना. मावशींनी माझ्या हातात कप दिला, आपल्या जागेवर बसून बशीत चहा ओतला आणि त्यावर हळूहळू फुंकर घातली.

‘गुळव्यांकडंच नेला आसंल,’ त्या म्हणाल्या. ‘एकांद्या येळी न्हाई येत यश, जावईबापू. त्यापायी डाक्टर बदलायचा नसतो.’